पद्मिनी की ॲम्बेसेडर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

दोन्ही जुन्या पेट्रोल गाड्या आठ महिने आलटूनपालटून चालवल्या. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसी, ताकद साधारण ४० अश्वशक्ती. ॲम्बेसेडरचं १४८९ सीसी, ५०च्या आसपास. पण वजन जवळजवळ २०० किलो जास्त. म्हणजे वजनाच्या मानाने ताकद सारखीच. तरी चालवताना दोघींचा स्वभाव वेगळा, कारण पद्मिनीचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, ७५ मिमी आणि ॲम्बेसेडरचा ८९. ॲम्बी कमी फेऱ्यांवरच ओढते. पाच माणसं आणि सामान घेऊन चढावर तिसऱ्या गिअरमध्ये टिकते. पद्मिनीला तिथे दुसरा टाकावाच लागतो. गर्दीत मात्र ती हलकी आणि चटकन वळणारी.

खरा फरक हेडचा, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाचा. पद्मिनीचं हेड ॲल्युमिनियमचं, ब्लॉक बिडाचा. एकदा जरी इंजिन जास्त तापलं तर हेड वाकू शकतं आणि दोघांमधलं गॅस्केट उडतं. म्हणून जुनी गाडी घेताना हेड उघडलं असेल तर सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पात्यांचं माप) तपासाच, ०.०५ मिमीचं पातं पट्टीखाली सरकलं तर फेसिंग, म्हणजे घासून सपाट, करून घ्या. रेडिएटर आणि फॅन बेल्ट यांत कंजुषी नको. उन्हात गाडी थांबवली की पंपातल्या पेट्रोलची वाफ होऊन ती पुन्हा सुरू होत नाही. पंपावर ओलं फडकं हा तात्पुरता उपाय. पेट्रोलचा पाइप सायलेन्सरच्या नळीपासून लांब नेणं हा टिकाऊ.

ॲम्बीचं हेड बिडाचं, ताप सोसणारं. पण व्हॉल्व्ह सीट, म्हणजे झडप टेकते ती कड, थेट त्याच बिडात कापलेली असते. अनलेडेड (शिसं नसलेल्या) पेट्रोलवर ती हळूहळू झिजते, व्हॉल्व्ह आत रुततो आणि टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या दांडीमधली, फट बुजते. ती वरचेवर तपासा: गरम इंजिनवर ०.३८ मिमी. कोणता व्हॉल्व्ह केव्हा तपासायचा याचा नऊच्या बेरजेचा हिशोब सोपा आहे. आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना पहिला, सातवा उघडा असताना दुसरा. क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) मागच्या टोकाला रबरी सील नाही, फक्त तेल परत आत ढकलणाऱ्या उलट्या आट्या आहेत, त्यामुळे थोडं तेल टिपकणारच. जास्त गळू लागलं तर आधी ब्रीदर (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी) साफ करा, इंजिन उतरवायची घाई नको.

स्टीअरिंगजवळच्या गिअरदांड्याचे बुश दोन्हींत झिजतात. गिअर अडकतो तो बहुतेकदा त्यामुळेच. ब्रेक चारी चाकांना ड्रमचे, घाट उतरताना तापतात. तिथे दुसऱ्या गिअरवर उतरा.

रोजच्या शहरी फेऱ्यांना मी पद्मिनीच घेईन. खराब रस्ता आणि भरलेली गाडी असेल तर ॲम्बेसेडर.