पोटगीचा दावा आणि मोफत विधी साहाय्य : दहा महिन्यांचा अनुभव

माझ्या धाकट्या बहिणीला तिच्या नवऱ्याने दोन मुलांसह माहेरी आणून सोडले, तेव्हा वकिलाची फी भरण्याइतके पैसे आमच्या घरात नव्हते. ती शिवणकाम करते आणि मी किराणा दुकानात हिशेब लिहितो. पोटगीचा अर्ज ती राहते तेथील न्यायालयातही करता येतो, एवढेसुद्धा आम्हाला ठाऊक नव्हते. गेल्या दहा महिन्यांत मोफत कायदेशीर माहिती मिळवण्याचे जे जे मार्ग आम्ही वापरले, त्यांविषयी येथे लिहीत आहे. कारण पहिले सहा आठवडे केवळ माहितीअभावी वाया गेले.

ते आठवडे उत्पन्नाच्या दाखल्यापायी गेले. एका कार्यालयात खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने 'दाखला आणा, मगच अर्ज घेऊ' असे सांगितले आणि बहिणीने शिवणाची कामे बाजूला ठेवून त्यासाठी तीन हेलपाटे घातले. अखेर राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या १५१०० या क्रमांकावर फोन केला, तेव्हा खरी गोष्ट कळली. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार महिला, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग, औद्योगिक कामगार आणि कोठडीतील व्यक्ती अशा गटांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अटच नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक तीन लाख रुपयांची मर्यादा आहे, आणि तेथेही कलम १३ प्रमाणे अर्जदाराचे उत्पन्नाबाबतचे शपथपत्र सर्वसाधारणपणे पुरेसे मानता येते. अधिनियमाची ती दोन पाने छापून, 'महिला' या शब्दाखाली रेघ ओढून मी बहिणीसोबत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात गेलो. तेथे अर्ज त्याच दिवशी स्वीकारला गेला आणि नवव्या दिवशी पॅनेलवरील, म्हणजे प्राधिकरणाच्या यादीतील, वकील नेमून मिळाले. हक्क आधीपासून होताच. तो खिडकीपाशी उभ्या असलेल्या बाईला कोणी सांगितला नव्हता, याचे मला आजही फार वाईट वाटते.

माहितीपुस्तिका मात्र आमच्या फारशा उपयोगी पडल्या नाहीत. एका संकेतस्थळावरील मराठी पुस्तिकेची अक्षरे मोबाइलवर फुटत होती, आणि दुसऱ्या एका पुस्तिकेत पोटगीसाठी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ च दिलेले होते. १ जुलै २०२४ पासून ती तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे.

सर्वाधिक मदत झाली ती प्राधिकरणाच्या विधी स्वयंसेविकेची. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० मधील रजनेश विरुद्ध नेहा या निकालापासून पोटगीच्या प्रकरणात दोन्ही पक्षांना मालमत्ता व दायित्वांचे (म्हणजे देण्यांचे) शपथपत्र द्यावे लागते. तो लांबलचक तक्ता पाहून बहीण घाबरली होती. स्वयंसेविकेने तिला बाकावर शेजारी बसवून घेतले आणि घरभाडे, गॅस, मुलांच्या वह्या असे एकेक विचारत गेली. यंत्राचे तेल, दोरा आणि सुया हा खर्च लिहायचा असतो हे बहिणीच्या मनातही आले नसते. दोन तासांनी तो कागद खऱ्या अर्थाने तिचा झाला.

तारखांसाठी ई-कोर्ट्सचे मोफत अ‍ॅप वापरतो. प्रकरणाचा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक टाकला की पुढची तारीख दिसते. त्यामुळे फक्त तारीख विचारण्यासाठी कामाचा दिवस बुडवावा लागत नाही. हा क्रमांक पहिल्याच दिवशी वहीच्या मुखपृष्ठावर लिहून ठेवावा.

अंतरिम पोटगीचा, म्हणजे अंतिम निकाल लागेपर्यंतच्या पोटगीचा, आदेश झाला आहे. दोन महिन्यांची रक्कम मिळाली, तिसऱ्या महिन्याची थकली. थकलेल्या रकमेच्या वसुलीसाठी ती देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, हे यावेळी आम्ही आधीच विचारून घेतले असून येत्या सोमवारी बहीण तो अर्ज घेऊन वकिलांकडे जाणार आहे.