४१ व्या वर्षी आयटीआय, ११ महिन्यांनंतर कोर्सच्या यादीबद्दल

गेल्या ऑगस्टला ॲडमिशन घेतलं, आता जुलै संपत आलाय, पहिल्या वर्षाची परीक्षा तोंडावर आहे म्हणजे खरं तर अभ्यास करायला पाहिजे, पण पाऊस असा लागलाय की करंट सारखा जातो-येतो, म्हणून म्हटलं लिहूनच टाकू. उत्तर गोव्यातली सरकारी आयटीआय आहे. कुठली ते नाही सांगत, अजून एक वर्ष तिथेच काढायचंय!

माझा टिपर होता मायनिंगला. २०१२ ला पहिल्यांदा बंद झालं तेव्हा वाटलं होईल परत सुरू, झालंही थोडंफार, मग फेब्रुवारी २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ८८ लीज रद्द केल्या आणि मार्चच्या मध्याला सगळं ठप्प. ट्रक विकला (कितीला ते विचारू नका). मग इकडची तिकडची ड्रायव्हिंग. बायकोने कुठूनतरी ऐकलं की आयटीआयला वयाची वरची अट नाही, म्हणाली जाऊन विचारा तरी. मला वाटलं चेष्टा करतेय. पण खरंच नाही अट, वर्गात मला सगळे अंकल म्हणतात एवढंच.

तर यादी. इलेक्ट्रिशियन, फिटर, वायरमन, वेल्डर, प्लंबर, डिझेल मेकॅनिक, कोपा म्हणजे कॉम्प्युटरचा, शिवण, कॉस्मेटॉलॉजी म्हणजे पार्लरचं, फूड प्रॉडक्शन, बेकरी, एसी-फ्रिज. काही १ वर्षाचे, काही २. वेल्डर, वायरमन, शिवण यांना आठवी पास चालते, बाकी बहुतेकांना दहावी. वाचताना भारी वाटतं, पण ते आपल्याकडच्या बारमधल्या मेनूकार्डासारखं आहे, चार पानं छापलेली असतात आणि वेटर सांगतो पात्रांव (म्हणजे साहेब), आज फक्त बांगडा. कुठल्या ट्रेडला (कोर्सला इथे ट्रेड म्हणतात) मशीन चालू आहे आणि कायमचा इन्स्ट्रक्टर आहे हे यादीवर कुठेच लिहिलेलं नसतं. आमच्याकडे एका ट्रेडला सर बदलून गेले ते दोन महिने कोणीच नाही, पोरं नुसती बसून मोबाईल बघायची.

मला इलेक्ट्रिशियन पाहिजे होतं. एका बॅचला २० जागा, त्या भरलेल्या. सगळ्यांना तेच पाहिजे नाहीतर कोपा, आणि वेल्डर-प्लंबरच्या खुर्च्या रिकाम्या, जेव्हा की आमच्या वाड्यावर नळवाला बोलवायचा तर चार दिवस तो फोन उचलत नाही. मी नाईलाजाने एसी-फ्रिज घेतलं. आज कोणी इलेक्ट्रिशियनला बदलून देतो म्हणाला तरी जाणार नाही.

कारण काम. वर्षाचे १२०० तास, त्यातले ८४० प्रॅक्टिकल, बाकी थिअरी आणि एम्प्लॉयेबिलिटी स्किल्स (हे इंग्लिश बोलायचं, मुलाखत द्यायची वगैरे, मला कंटाळा यायचा पण आता ईमेल लिहिता येतो, नाही म्हणत नाही). पहिले दोन महिने नुसतं तांब्याचा पाईप कापा, फ्लेअर करा म्हणजे त्याचं तोंड पसरवा, ब्रेझिंग करा म्हणजे धातू वितळवून जोड मारा, लीक झालं की परत. हात भाजले. सर एकच गोष्ट रोज सांगायचे, प्रेशर टेस्टला नायट्रोजनच, ऑक्सिजन कधी मारायचा नाही, कॉम्प्रेसरच्या तेलाला भिडला तर स्फोट होतो. आणि व्हॅक्यूम, म्हणजे गॅस सोडायच्या आधी पंपाने पाईपमधली हवा ओढून काढायची. आमच्या घरी एसी बसवायला आलेल्या माणसाने पंप आणलाच नव्हता, थोडा गॅस सोडून पाईपमधली हवा बाहेर काढली आणि झालं म्हणाला, तेव्हा मला ते हुशारीचं वाटलं होतं. आता कळतं की हवेतला ओलावा आत राहिला की तो पुढे कॅपिलरीत (आतली केसासारखी बारीक नळी) गोठू शकतो, तेलही खराब करतो, आणि गोव्याच्या पावसाळ्यात ओलावा किती ते सांगायला नको. गॅसचंही तसंच. एसीतला ४१० ए हा गॅस म्हणजे मिश्रण आहे, तो लिक्विडमध्येच भरायचा नाहीतर प्रमाण बिघडतं, आणि आर-३२ हा दुसरा गॅस थोडा पेट घेणारा, त्याच्याजवळ विडी ओढत काम करणारे मी स्वतः बघितलेत. पूर्वी मी पण ओढली असती.

आता तक्रारी. वर्कशॉपमधली बरीच युनिटं जुनी, आर-२२ या जुन्या गॅसवाली. बाजारात सगळे इन्व्हर्टर एसी, त्याचा पीसीबी म्हणजे आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड आम्ही फक्त फळ्यावर पाहिला. किनाऱ्याकडच्या हॉटेलांत खाऱ्या हवेने आउटडोअरची कॉइल कुजते, गोव्यात ही कटकट कायमची, त्यावर जेमतेम अर्धा तास झाला. आणि सगळ्यात डोक्यात जाणारी गोष्ट, १५० तासांचं बाहेरचं ट्रेनिंग आम्हाला जूनमध्ये दिलं. अरे बाबांनो, एसीवाल्याचा सीझन मार्च ते मे! जूनमध्ये दुकानदार स्वतःच चहा पीत बसलेला, मी त्याच्यासोबत चहा प्यायला. तीन सर्व्हिसिंग झाली असतील फार तर.

दुसरं म्हणजे वेळ. सगळं दिवसाचं. घर चालवणाऱ्या माणसाने दिवसा कॉलेज करून कमवायचं कधी? मी शनिवार-रविवार टॅक्सी मारतो, बाकी बायकोच्या शिलाईवर चाललंय. संध्याकाळची बॅच असती तर माझ्यासारखे मायनिंगवाले अजून दहा तरी आले असते, मला विचारून गेलेत आणि वेळ ऐकून परत फिरलेत.

बेकरीबद्दल शेजारची मुलगी सांगते की केक, पफ, बिस्किटं छान शिकवतात पण उंडो, पोई, कांकण हे आपले गोव्याचे पाव काही नाही, ते शिकायचं तर पोदेराच्या म्हणजे पाववाल्याच्या भट्टीवरच पहाटे उठून जा. गोव्यात बसून हे म्हणजे कमालच आहे. बाकी ती खूश आहे, वाढदिवसाच्या ऑर्डर घेते.

ज्यांना विचारायचंय त्यांना एवढंच, फॉर्म भरायच्या आधी त्या ट्रेडच्या वर्कशॉपमध्ये सकाळी अकराला जाऊन उभे राहा. पोरांचे हात काळे दिसले तर घ्या. आणि दहावीनंतर आलेल्या मुलांसाठी, २ वर्षांचा ट्रेड पास झालात तर पॉलिटेक्निकला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जायची सोय आहे, आमच्या वर्गातल्या अर्ध्या पोरांना हे माहीतच नव्हतं.

पाचातले साडेतीन. अर्धा स्टार जूनच्या चहामुळे कापला. दुसऱ्या वर्षी पीसीबी खरंच हातात देतात का बघतो, दिला तर परत लिहीन, चवथीनंतर.