स्लो न धरणारी आरएक्स १०० आणि गेलेले तेरा हजार

बाबांची यामाहा आरएक्स १०० ही १९९३ची. एमएच ११, सिंगल हँड. साताऱ्याच्या पावसात ती चार महिने पडवीत ताडपत्रीखाली असते. गेल्या वर्षी दसऱ्याला पूजेसाठी दारात हवी म्हणून बाहेर काढली, तर चौथ्या किकला सुरू झाली, पण स्लो धरेना, म्हणजे रेस न देता चालू राहीना. चोक ओढलेला असला की नीट चालायची. चोक बंद करून रेस सोडली की लगेच मान टाकायची. समर्थ मंदिर चौकात दोनदा बंद पडली. तीच गाडी यवतेश्वरचा घाट मात्र मला घेऊन एका दमात चढली. या घाटाचा अर्थ मला तेव्हा कळला असता तर पुढचं काही घडलंच नसतं.

शहरातल्याच एका गॅरेजमध्ये नेली. मिस्त्रीने दोन वेळा रेस दिली, सायलेन्सरपुढे हात धरला आणि म्हणाला, “पिस्टन गेलाय दादा. बोर करायला लागणार. ठिवून जावा.” बोर करणं म्हणजे सिलिंडर काढून आतून घासून थोडं मोठं करणं. साडेसात हजार सांगितले. तिसऱ्या दिवशी फोन आला, क्रँकचं सीलपण गेलंय. मग बेअरिंग. दसरा तोंडावर आलेला, प्रत्येक फोनला मी हो म्हणत गेलो. शेवटी १३,२०० रुपये रोख दिले. हातात मिळाली आकडे लिहिलेली एक चिठ्ठी. त्यावर ना गॅरेजचं नाव, ना तारीख. ओरखडे पडलेला एक पिस्टन दाखवून म्हणाला, “हा बघा तुमचा.” तो माझ्याच गाडीचा कशावरून, हे मी विचारलं नाही.

गाडी स्लोला चालत होती, पण आवाज चढाच होता. आठवड्यात पुन्हा बंद पडायला लागली, वर कार्ब्युरेटरमधून, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागातून, पेट्रोल ठिबकायला लागलं.

भाऊबीजेला सांगलीहून मामा आले. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, आणि तरुणपणी स्वतःची राजदूत स्वतःच उघडणारे. ते गाडीपाशी उकिडवे बसले आणि बराच वेळ नुसतं बघत राहिले. मग मला जवळ बोलावून सिलिंडरच्या बुडाशी बोट ठेवलं. तिथे वर्षानुवर्षांचं ऑइल आणि धूळ भाजून काळी झालेली, गॅस्केटच्या फटीवरून सलग. नटांवर पान्याचा एक ताजा ओरखडा नाही. “अरे, हे सिलिंडर कुणी हलवलेलंच नाही. बोर कसला केला?”

मग त्यांनी कार्ब्युरेटरवर मिकुनी या मूळ कंपनीची अक्षरं शोधली. नव्हती. दोन वर्षांपूर्वी मी गाडीचे फोटो काढले होते, ते मोबाइलवर मोठे करून बघितले. त्यात अक्षरं स्पष्ट दिसत होती. म्हणजे मूळ कार्ब्युरेटर काढून डुप्लिकेट बसवला होता. या गाडीचं उत्पादन १९९६मध्ये थांबलं, त्यामुळे जुना अस्सल कार्ब्युरेटर आता सहज मिळत नाही आणि मिळाला तर महाग मिळतो. त्या माणसाची नजर पहिल्या दिवसापासून त्याच्यावरच असणार, असं मला वाटतं.

आणि मूळ दुखणं? मामांनी गाडी चालू ठेवून साबणाचं पाणी कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबरी जोडावर शिंपडलं. इंजिनाचा सूर लगेच बदलला. रबराला खालच्या बाजूने तडा होता, गाडी तिथून हवा ओढत होती. तीस वर्षांचं रबर, त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल, तडकणारच, असं त्यांचं मत. स्लोला इंजिन मुळातच थोडी हवा घेतं, त्यामुळे एवढ्याशा फटीतून आलेली हवासुद्धा मिश्रण पातळ करते, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं. चोकने पेट्रोल वाढतं म्हणून तेव्हा गाडी चालते. पूर्ण रेसला आत इतकी हवा जाते, की त्या फटीचा फरक जाणवत नाही. पिस्टन आणि बोर खरोखर झिजले असते, तर घाटातही दम लागला असता. आरएक्ससारखी टू-स्ट्रोक गाडी अशी पातळ मिश्रणावर फार चालवली तर तापून पिस्टन जाम होऊ शकतो, म्हणजे जो पिस्टन गेला म्हणून पैसे घेतले, तो खरोखर जायची वेळ मिस्त्रीने आणली होती. नवा जोड चारशेच्या आत आला. बसवायला अर्धा तास लागला.

मी गॅरेजला परत गेलो. “पिस्टन दाखवला होता की तुम्हाला,” एवढंच उत्तर. कार्ब्युरेटर आधीपासून तसाच होता म्हणे. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनही आहे. पण पक्कं बिल नाही, जॉबकार्ड नाही, पैसे रोख दिलेले. मी काय पुढे ठेवणार? तुमच्या घरी जुनी गाडी असेल तर ती गॅरेजला सोडण्याआधी कार्ब्युरेटर, मॅग्नेटचं कव्हर, इंजिन नंबर यांचे फोटो त्या माणसासमोरच काढा. हेड, म्हणजे सिलिंडरचं वरचं झाकण, उघडायचं म्हणाला तर उघडताना तिथे थांबा. घरी पाहुणे आलेत, काम राहिलंय, काहीही असो, थांबा.

बाबांना मी पैशांचं सांगितलं, कार्ब्युरेटरचं सांगायला चार दिवस लागले. ऐकून ते काही बोलले नाहीत. उठून पडवीत गेले.

साताऱ्यात, कराडला किंवा सांगलीकडे कुणी तुम्हाला आरएक्सचा जुना मिकुनी कार्ब्युरेटर विकायला आणला, तर खालच्या वाटीचे स्क्रू बघा. आमच्या कार्ब्युरेटरच्या एका स्क्रूचं डोकं झिजलं होतं, म्हणून बाबांनी त्याला कानसीने आडवी खाच पाडली होती आणि खाली पितळी वायसर घातला होता. तसा दिसला तर कृपया मला कळवा.