टेक्नोचा एकच मिक्स अल्बम घ्यायचा, तर मिल्स की हॉटिन?

डीजेने ट्रॅकला ट्रॅक जोडत सलग बांधलेला टेक्नोचा, म्हणजे यंत्रांवर रचलेल्या ठेकेबाज नृत्यसंगीताचा, एखादा अल्बम हवा, असं कुणी म्हटलं की दोन नावं हमखास पुढे येतात. एक जेफ मिल्सचा ‘लाइव्ह ॲट द लिक्विड रूम, टोकियो’ (१९९६), दुसरा रिची हॉटिनचा ‘डीई९: क्लोजर टू द एडिट’ (२००१). दोघंही अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराच्या टेक्नोवर पोसलेले. मिल्स त्या शहरातलाच. हॉटिन जन्माने इंग्लंडचा, पण वाढला नदीपलीकडे, कॅनडातल्या विंडसरजवळ. अल्बम मात्र इतके वेगळे की एक आवडला म्हणून दुसरा आवडेलच असं नाही. दोन्ही ऐका असं सांगून मोकळं होता येतं, पण विचारणाऱ्याला त्याचा काही उपयोग नसतो.

मिल्सचं रेकॉर्डिंग १९९५च्या ऑक्टोबरमधलं, टोकियोच्या लिक्विड रूम या क्लबमधलं. व्हिनाइल रेकॉर्डी आणि समोर नाचणारी गर्दी. सत्तरेक मिनिटांत पस्तिसाहून जास्त ट्रॅक, म्हणजे एकाच्या वाट्याला सरासरी दोन मिनिटंही नाहीत. रेकॉर्डमधला नेमका तापलेला भाग तेवढा घ्यायचा आणि रंगात आली की तिला बाजूला सारायचं, असा सगळा मामला. नीट कान दिलात तर जोडकाम ऐकू येतं: चालू ट्रॅकखाली आधी पुढच्याची हाय-हॅट (झांजेचा ‘च्स-च्स’ आवाज) बारीक शिरते, मग जुन्याचा बेस, म्हणजे खालचा जाड सूर, एकदम गायब होतो आणि नव्याची किक (ड्रमचा भारी ठोका) अंगावर येते. कधी दोन रेकॉर्डींचे वेग किंचित सुटतात, एका ठोक्याचे दोन ठोके होतात, आणि काही सेकंदांत मिल्सने ते पुन्हा जाग्यावर आणलेले असतात. स्टुडिओत हे पुसून टाकता आलं असतं. ठेवलं ते बरं झालं, कारण या अल्बमची सगळी धग त्यातच आहे. मिल्सच्याच ‘द बेल्स’ या ट्रॅकचा तो घंटेसारखा सूर येतो तेव्हा आजही खुर्चीत बसवत नाही.

आता खोट. आवाज खरखरीत आहे. गर्दीचा गलका मध्ये मध्ये येतो, वरचे सूर कानाला टोचतात, आणि वेग पहिल्यापासून असा की उसंत म्हणून मिळत नाही. भारी हेडफोन घेऊन बारकावे शोधणाऱ्याला दहा मिनिटांत वैताग येईल.

हॉटिनने टर्नटेबलं, म्हणजे रेकॉर्ड फिरवायच्या तबकड्या, जवळपास बाजूलाच ठेवली. शंभराहून जास्त ट्रॅक घेतले, संगणकावर त्यांचे तुकडे केले, त्यातून तीनशेहून जास्त लूप (पुन्हा पुन्हा वाजणारे तुकडे) काढले. काही तर एकाच सुराइतके छोटे. मग ते एकावर एक रचून ५३ मिनिटांचा एकच अखंड ओघ तयार केला. एका ट्रॅकची किक, दुसऱ्याची टाळी, तिसऱ्याचा अर्धवट सूर, असं सगळं एका वेळी चालू असतं. ‘हा ट्रॅक कुणाचा?’ या प्रश्नाला इथे फारसा अर्थ उरत नाही. आवाज कोरीव आणि स्वच्छ. एखादा टिकटिकणारा आवाज डाव्या कानात सुरू होतो, कधी मधोमध आला ते कळत नाही, आणि तो थांबल्यावरच लक्षात येतं की आपण त्याच्याच तालावर मान डोलावत होतो.

कारागिरीला तोड नाही. तरी माझी एक तक्रार आहे: अर्ध्याअधिक वाटेवर कौतुक वाटत राहतं, पण पाय थंडावतात. चूक होण्याची शक्यताच नसली की ऐकणाऱ्याचा जीवही टांगणीला लागत नाही. हॉटिनचाच १९९९चा ‘डेक्स, ईएफएक्स अँड ९०९’ मला म्हणूनच जवळचा वाटतो. त्यात टर्नटेबलांच्या जोडीला इफेक्ट आणि रोलँडचं ९०९ हे ड्रम मशीन आहे, पण हात अजून रेकॉर्डवर आहेत.

तेव्हा निवड कशी करायची? डीजेइंग शिकत असाल तर दुसरा विचार नको, मिल्स. एक बदल कसा घडतो ते मागे-पुढे करून पुन्हा पुन्हा ऐका. त्यात शिकण्यासारखं भरपूर आहे. मोठे स्पीकर असतील आणि शेजाऱ्यांचा धाक नसेल तरीही तोच. हेडफोन लावून काम करत ऐकायचं असेल, किंवा स्वतः संगणकावर संगीत जुळवत असाल, तर हॉटिन. एकच ठेवायचा झाला तर मी मिल्सचा ठेवेन.

आणि टेक्नो म्हणजे नुसतं धडधड, असं ज्यांना वाटतं, त्यांनी या दोघांनाही तूर्त हात लावू नये. जर्मनीतल्या कोलोनच्या कोम्पाक्ट या रेकॉर्ड कंपनीच्या मायकेल मायरचा ‘इमर’ (२००२) आधी ऐकावा. तो ट्रॅकला पुरतं फुलू देतो, सुरावटी जपतो, घाई करत नाही.

घेण्याआधी एक बघा. स्ट्रीमिंगवर मिक्स अल्बमचे बरेचदा हाल होतात. प्रत्येक ट्रॅकची परवानगी वेगळी असल्याने मधला एखादा तुकडाच गळालेला असतो, किंवा मिक्सऐवजी मूळ सुटे ट्रॅक टाकलेले असतात. ॲपमध्ये दोन ट्रॅकमधली पोकळी बंद करा, क्रॉसफेड (ट्रॅक आपोआप एकमेकांत विरवणं) आणि शफलही (क्रम उलटसुलट करणं) बंद ठेवा. एवढं करूनही जोडावर ठोका चुकत असेल तर सरळ जुनी सीडी शोधा. मिल्सच्या बाबतीत तर हे जास्तच, कारण त्याचे ट्रॅक इतक्या भराभर बदलतात की दर दोन मिनिटांनी उचकी लागल्यासारखं होतं.