हमिंगबर्डचे छायाचित्र: ऊन की फ्लॅश?

अमेरिकेच्या पूर्व भागात परसात फीडर, म्हणजे पक्ष्यांसाठी साखरेच्या पाकाचे भांडे, टांगला, तर त्यावर येणारा हमिंगबर्ड जवळजवळ नेहमी एकाच जातीचा असतो: रूबी-थ्रोटेड. जेमतेम तीन ग्रॅम वजनाचा हा पक्षी न्यू जर्सीत एप्रिलच्या अखेरीस येतो आणि सप्टेंबर सरता सरता दक्षिणेकडे निघतो, त्यामुळे छायाचित्रणाला पाचच महिने मिळतात. आपल्याकडच्या शिंजिरालाही अनेक जण हमिंगबर्ड म्हणतात. पण शिंजीर बहुधा फांदीवर बसून मध पितो, तर हा हवेत तरंगत पितो, आणि छायाचित्रकाराची सगळी अडचण त्या तरंगण्यातच आहे.

त्याचे पंख सेकंदाला सुमारे ५० वेळा फडफडतात. पंखाचे टोक साधारण आठ मीटर प्रतिसेकंद वेगाने फिरते असे धरले, तर १/२००० सेकंदात ते चार मिलिमीटर सरकते, आणि एवढ्या चिमुकल्या पंखावर चार मिलिमीटर म्हणजे स्पष्ट दिसणारा फराटा. १/२०,००० सेकंदात मात्र हे अंतर अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी होते. पहिला आकडा कॅमेऱ्याच्या शटरच्या आवाक्यातला आहे. दुसरा साध्या फ्लॅशला कमी शक्तीवर सहज साधतो.

नैसर्गिक प्रकाशात काम करायचे असेल, तर ३०० ते ४०० मिलिमीटरची लेन्स, १/३२०० सेकंदाचे शटर आणि एफ/५.६ (लेन्सच्या छिद्राचे माप) ही सुरुवात पुरेशी आहे. फीडरवर थेट ऊन असेल तर आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) ४०० वर भागते. तोच फीडर मेपलच्या सावलीत असेल, तर आयएसओ ३२०० किंवा त्याहून वर न्यावा लागतो आणि पिसांचा बारीक पोत दाणेदारपणात हरवतो. पंखांची टोके थोडी पुसट येतील, पण फडफडीच्या दोन्ही टोकांना पंख क्षणभर थबकतो, त्यामुळे सलग टिपलेल्या चित्रांत काही स्वच्छ निघतातच. नराच्या गळ्याचा लाल रंग रंगद्रव्याचा नसून पिसांच्या सूक्ष्म रचनेमुळे दिसतो; सूर्य आपल्या पाठीशी असला तरच तो पेटतो, एरवी गळा काळा दिसतो.

फ्लॅशची पद्धत याच्या अगदी उलट चालते. शटर १/२५० वरच राहते आणि पंख गोठवण्याचे काम फ्लॅशची लखलख करते. तीन-चार फ्लॅश पूर्ण शक्तीच्या १/१६ किंवा १/३२ वर, पक्ष्यापासून हातभर अंतरावर मांडायचे, त्यांपैकी एक लेन्सजवळ, म्हणजे गळा उजळतो, आणि एक पक्ष्यामागे लावलेल्या पडद्यासाठी. हाय-स्पीड सिंक (वेगवान शटरबरोबर फ्लॅश वापरण्याची सोय) येथे उपयोगाचे नाही, कारण त्यात फ्लॅश एका झटक्यात न उडता शटर सरकेपर्यंत तेवत राहतो. ड्यूपाँ या अमेरिकी रसायन कंपनीचे प्रमुख क्रॉफर्ड ग्रीनवॉल्ट यांनी १९५० च्या दशकात अतिवेगवान फ्लॅशनेच हमिंगबर्ड टिपले होते. तत्त्व आजही तेच आहे, उपकरणे तेवढी स्वस्त झाली. मात्र आजूबाजूचा उजेड अगदी कमी हवा, नाहीतर गोठलेल्या पंखाभोवती त्याची धूसर सावलीही उमटते. एफ/१६ आणि आयएसओ २०० ठेवून फ्लॅश बंद असताना एक चित्र घ्यावे. ते जवळजवळ काळे आले तर जागा योग्य आहे. उन्हात मात्र याच मापांवर फ्लॅशविनाही पुरते उजळ चित्र येते.

म्हणून निवड कॅमेऱ्यापेक्षा अंगणावर अवलंबून आहे. फीडरवर सकाळचे दोन-तीन तास ऊन येत असेल, तर फ्लॅशवर खर्च करू नये. पक्षी वळताना, भांडताना, शेपूट पसरताना पाहायचा असेल तर सुटा कॅमेराच बरा, कारण फ्लॅशची मांडणी पक्षी ठरलेल्या वीतभर जागेत आला तरच फळते. अंगण दिवसभर सावलीत असेल, तर ज्याला आपण दोष समजतो तीच फ्लॅशसाठी सोय ठरते. फ्लॅशने पिसन् पीस दिसते हे खरे, परंतु ओळीने दहा चित्रे पाहिली की सगळी एकाच स्टुडिओतली वाटतात, हे माझे मत मी लपवत नाही.

दोन्ही पद्धतींत फीडरचे एकच छिद्र उघडे ठेवावे, म्हणजे पक्षी कोठे येणार हे ठरते. घोट घेऊन तो किंचित मागे सरतो, तेव्हा बटण दाबावे. म्हणजे चित्रात फीडर येत नाही. फीडरमधल्या पाकासाठी एक भाग साखर, चार भाग पाणी. लाल रंग वा मध नको, आणि उन्हाळ्यात दर दोन दिवसांनी पाक बदलावा. उपकरणे मागवण्यापूर्वी एक दिवस दर दोन तासांनी फीडरवर ऊन आहे की सावली, एवढे वहीत टिपून ठेवावे.