अमेरिकेत मुलांकडे निघालात? बिनड्रायव्हरच्या टॅक्सीत बसायचं की ड्रायव्हरच्या

साताऱ्यातून सहा-सहा महिने मुलांकडे अमेरिकेला जाणारी मंडळी आता गल्लीगणिक सापडतात. व्हिसा, गोळ्यांच्या चिठ्ठ्या, मेतकुटाची पाकिटं या नेहमीच्या काळज्यांत अलीकडे आणखी एक आली आहे. मुलगा-सून ऑफिसला गेल्यावर आपलं आपण देवळात नाहीतर लायब्ररीत जायचं झालं, तर टॅक्सी कुठली बोलवायची? सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिस, फिनिक्स या शहरांत ड्रायव्हरची उबर आणि बिनड्रायव्हरची वेमो, दोन्ही फोनवर मिळतात. ऑस्टिन आणि अटलांटात तर उबरच्या ॲपवर मागवलेली गाडीच वेमोची निघू शकते.

सदर बझारातल्या आमच्या एका काकूंनी नकाराचं कारण एका वाक्यात सांगितलं, "आत माणूसच नाही म्हटल्यावर भांडायचं कुणाशी?" हा प्रश्न हसण्यावारी न्यायचा नाही, पुढं येतोच त्याच्याकडे. आधी जिवाचं बघू.

अपघातांचं गणित

वेमो ही गूगलच्या घरातली कंपनी. 2009 साली गूगलमध्ये प्रयोग म्हणून सुरू झालेलं काम 2016 च्या अखेरीस वेगळ्या कंपनीकडे गेलं, आणि 2020 च्या ऑक्टोबरपासून फिनिक्सच्या भागात कुणीही सामान्य माणूस ड्रायव्हरची सीट रिकामी असलेल्या गाडीत मागं बसून फिरू लागला. जानेवारी 2025 पर्यंत या गाड्या ड्रायव्हरविना 5 कोटी 67 लाख मैल, म्हणजे 9 कोटी किलोमीटरच्या वर धावल्या. त्याच भागात माणसांनी तेवढंच अंतर चालवलं असतं तर काय झालं असतं, याच्याशी ताळा केला तेव्हा पायी चालणाऱ्यांना इजा होणारे अपघात 92 टक्के कमी आणि गंभीर इजेचे अपघात 85 टक्के कमी निघाले.

अभ्यास कंपनीच्याच लोकांनी केलेला, तेव्हा भुवई उंचावणं रास्त आहे. नियतकालिकात तो तज्ज्ञांनी तपासून छापला असला तरी मला विमावाल्यांचा आकडा अधिक बोलका वाटतो. स्विस री ही विमा कंपन्यांचाच विमा उतरवणारी कंपनी. तिनं वेमोबरोबर 2 कोटी 53 लाख मैलांचे दावे तपासले. मालमत्तेच्या नुकसानीचे दावे 88 टक्क्यांनी आणि इजेचे 92 टक्क्यांनी कमी भरले. विमावाले कुणाचे सोयरे नसतात. पैसे कुठं जातात एवढं त्यांना नीट कळतं.

मृत्यूचं मात्र या आकड्यांवरून कुणीही छातीठोकपणे सांगू नये. अमेरिकेत 2023 साली दर दहा कोटी मैलांमागं सव्वा माणूस रस्त्यावर दगावला. त्या हिशेबानं साडेपाच-पावणेसहा कोटी मैलांत माणसांच्या हातूनही एखादाच मृत्यू व्हायचा, कदाचित एकही नाही. एवढ्या अंतरावरून कोण सरस ते ठरत नाही. रँड या अमेरिकी संशोधन संस्थेनं 2016 मध्येच हिशोब मांडला होता: जिवाच्या बाबतीत मशीन निदान माणसाइतकं तरी सुरक्षित आहे असं 95 टक्के खात्रीनं म्हणायला एकही मृत्यू न होता साडेसत्तावीस कोटी मैल जावे लागतील. तेव्हा "इजा खूप कमी" हे मी मान्य करतो, "जीव वाचतात" हे अजून पुढच्या मैलांवर सोडतो.

दोघांच्या चुकांची जातही वेगळी आहे, आणि बसणाऱ्यानं ती ओळखून असावं. माणूस चुकतो तो झोपेनं, दारूनं, फोननं, घाईनं. मशीनला यातलं काही नाही. त्याची फजिती होते ती कधी न पाहिलेल्या गोष्टीपुढं. ऑक्टोबर 2023 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एका बाईला आधी माणसानं चालवलेल्या गाडीनं उडवलं आणि तो पळाला. ती पडली क्रूझ कंपनीच्या बिनड्रायव्हरच्या गाडीपुढं. गाडीनं ब्रेक मारला, तरी धडक बसलीच. गाडी थांबली आणि मग "अपघात झाला, बाजूला घ्यावं" म्हणून निघाली, बाई खाली अडकलेली असताना. वीसेक फूट ती फरपटत गेली. ती वाचली. चाकाखाली माणूस आहे हे ओळखायला शाळेत जावं लागत नाही, पण त्या गाडीला ते उमगलं नाही. त्याच महिन्यात क्रूझचा परवाना गेला आणि डिसेंबर 2024 मध्ये तिची मालक जनरल मोटर्स हिनं या धंद्यातून हात काढून घेतला.

वेमोही धुतल्या तांदळासारखी नाही. लाल दिवे लावून थांबलेल्या स्कूलबसच्या बाजूनं पुढं जाऊ नये, हा अमेरिकेतला कडक नियम. ऑस्टिन आणि अटलांटात वेमोच्या गाड्या तशा गेल्या, आणि डिसेंबर 2025 मध्ये सगळ्या ताफ्याचं सॉफ्टवेअर दुरुस्त करायला लागलं. त्याच महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोत मोठी वीज गेली, सिग्नल विझले, आणि या गाड्या जागोजागी चौकात उभ्या राहिल्या. अडल्यावर त्या दूर बसलेल्या माणसाला विचारतात. एकदम सगळ्यांनीच विचारल्यावर उत्तरं तुंबली. (आपल्याकडं सिग्नल गेला तर वाहतुकीला फरक पडला हे कळायलाच वेळ लागतो, ते सोडा.)

चुकून उभी राहणारी गाडी आणि चुकून अंगावर येणारी गाडी यांत मी पहिली पत्करतो. त्यामुळं शहरात, चाळीस-पन्नासच्या वेगात, अनोळखी ड्रायव्हरपेक्षा वेमो मला सुरक्षित वाटते. हे मत वेमोपुरतं. टेस्लानं जून 2025 मध्ये ऑस्टिनात स्वतःची टॅक्सी काढली ती शेजारच्या सीटवर कंपनीचा माणूस बसवून, आणि ती फक्त कॅमेऱ्यांवर चालते. वेमोच्या जॅग्वार गाडीवर 29 कॅमेरे, 5 लायडार आणि 6 रडार आहेत. लायडार म्हणजे लेझरचे किरण फेकून अंधारातही अंतर मोजणारं यंत्र. एकीचे आकडे दुसरीला लावू नयेत.

बसल्यावर काय होतं

गाडी आली की तिच्या डोक्यावरच्या गोल घुमटावर तुमच्या नावाची आद्याक्षरं दिसतात. दाराची मूठ आत दडलेली असते, फोनवरून कुलूप उघडलं की बाहेर येते. मागं बसायचं, पट्टा लावायचा, पडद्यावरचं बटण दाबायचं. स्टिअरिंग आपोआप गरगर फिरताना पहिल्या वळणाला पोटात गोळा येतो. समोरच्या पडद्यावर रस्त्यावरचा प्रत्येक माणूस, सायकल, कुत्रं उमटत असतं, म्हणजे गाडीला काय दिसतंय ते तुम्हालाही दिसतं. आमच्या सौ. पहिली पाच मिनिटं रिकाम्या सीटला "सावकाश हं" म्हणत होत्या, नंतर त्यांनी पिशवीतून लाडू काढला.

आपल्या वयाच्या माणसांना एक सुख मोठं आहे. बोलावं लागत नाही. उच्चार कळेल का, टिप किती द्यायची, हा गप्प आहे म्हणजे रागावलाय का, यातलं काही नाही. रात्री एकटी बाई असेल तर अनोळखी पुरुषाबरोबर बंद गाडीत बसण्याचा प्रश्नही उरत नाही. बदल्यात आत कॅमेरे असतात, हे लक्षात ठेवून बोलावं.

आता उणी बाजू, आणि इथं ड्रायव्हरची टॅक्सी सरळ सरळ जिंकते. बॅगा उचलायला कुणी नाही. गाडी तिला सुरक्षित वाटेल तिथं थांबते, आणि ते दार नेमकं तुमचंच असेल असं नाही. थोडं चालावं लागतं. गुडघे धड असतील तर ठीक, वॉकर असेल तर त्रास. "दादा, जरा पुढं घ्या, त्या झाडाखाली" ही सोय नाही. छातीत कळ आली तर ड्रायव्हर आपण होऊन दवाखान्याकडं वळवेल, इथं मदतीचं बटण दाबून माणसाशी इंग्रजीत बोलायचं किंवा 911 हा तिथला तातडीच्या मदतीचा नंबर लावायचा. बीपी-शुगरवाल्यांनी ते बटण कुठं आहे ते निघण्याआधी बघून ठेवावं. फोनची बॅटरी भरलेली हवी, कारण कुलूपसुद्धा फोनवर.

आणि काकूंचं भांडण? ते खरं तर इथं सोपं आहे. ड्रायव्हर असला की चूक त्याची, ॲपवाल्यांची की समोरच्याची, यात वर्ष जातं. इथं चालवणारी कंपनीच, आणि काय घडलं त्याचं चित्रण तिच्याकडं. अर्थात चित्रणही तिच्याच हातात असतं. क्रूझच्या प्रकरणात फरपटीचा भाग सरकारी खात्याला सुरुवातीला दाखवलाच नाही, असं त्या खात्याचं म्हणणं होतं.

भाड्याचं थोडक्यात. 2025 च्या वसंतात सॅन फ्रान्सिस्कोत भाडी ताडून पाहिली गेली, तेव्हा सरासरी वेमो 20.43 डॉलर, उबर 15.58 आणि उबरसारखीच दुसरी कंपनी लिफ्ट 14.44 होती. उबरला टिप धरली की फरक दोन-तीन डॉलरवर येतो.

मुलाची गाडी ही तिसरी गोष्ट

बरेच आईवडील म्हणतात, "आमच्या मुलाची गाडी स्वतःच चालते." चालते, पण जबाबदारी मुलाचीच. टेस्लाच्या त्या सोयीच्या नावातच आता "देखरेखीखाली" असं लिहिलेलं असतं. टॅक्सीत मागं बसून डुलकी काढणं वेगळं आणि मुलानं हात मांडीवर ठेवून तुमच्याकडं वळून गप्पा मारणं वेगळं. या तिन्हींत मला भीती वाटते ती त्याचीच. तिथं आईवडिलांचा अधिकार वापरा आणि त्याला समोर बघायला सांगा.

हेच साताऱ्यातही लागू आहे. हायवेच्या शोरूममध्ये ज्या गाड्या "आपोआप ब्रेक, आपोआप लेन" म्हणून दाखवतात, त्या दुसऱ्या पायरीच्या. (गाडी स्वतः किती चालवते याच्या शून्य ते पाच अशा पायऱ्या मोजतात.) वेमो चौथ्या पायरीवर आहे, ठरलेल्या शहरात माणसाशिवाय. दुसऱ्या पायरीवर गाडी मदत करते, चालवता तुम्हीच. ऊस गळिताच्या हंगामात रात्री उंब्रजच्या अलीकडं दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर लागतो, मागं ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर. पाठीमागून फक्त पाचट हलताना दिसतं, तेही हेडलाइट पडला तर. तिथं कुठल्या सेन्सरवर विसंबून पाय सैल सोडायचा नाही.

वेमोचे आकडे पाहून "आपल्याकडं आली तर किती जीव वाचतील" असं म्हणायचा मोह मलाही होतो. 2022 साली देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली, त्यांत चाळीस टक्क्यांहून जास्त दुचाकीवाले. पण त्या गाड्या आधी गल्ली न् गल्ली मोजलेल्या शहरात चालतात. स्टँडसमोर वडापवाला "कराड, कराड" म्हणत अर्धी जीप रस्त्यात ठेवतो, मागचा हॉर्न "थांब" म्हणतोय की "जा" म्हणतोय ते त्याला आवाजावरून कळतं, आणि खंबाटकीच्या धुक्यात ट्रकवाला हातानं खूण करतो. या भाषेचा नकाशा अजून कुणी काढलेला नाही.

शिवाय सरकारचं म्हणणं स्पष्ट आहे. नितीन गडकरींनी डिसेंबर 2023 मध्ये नागपुरात सांगितलं की 70-80 लाख ड्रायव्हरांच्या नोकऱ्या जातील, म्हणून आपण बिनड्रायव्हरच्या गाड्या देशात येऊ देणार नाही. काहींना हे मागासलेपण वाटतं. मला वाटत नाही. अमेरिकेत वाद "सुरक्षित किती" याभोवती जास्त फिरतो. आपल्याकडं एका ड्रायव्हरमागं पाच माणसांचं जेवण असतं, तेव्हा तो प्रश्न पहिल्या रांगेत यायलाच हवा.

तर जाणाऱ्यांसाठी: दिवसा, शहरातल्या शहरात, हातात एक पिशवी आणि गुडघे बरे, तर वेमोत बिनधास्त बसा, पहिली फेरी मुलाला बरोबर घेऊन करा. विमानतळाला सामान घेऊन जाताना, चालायला त्रास असेल तेव्हा किंवा तब्येत जराही नरम असेल तर ड्रायव्हरची टॅक्सी.

आणि इथं राहणाऱ्यांपैकी ज्या पोरांनी मला विचारलं की कर्ज काढून टुरिस्ट गाडी घ्यावी का, पुढं रोबोटच चालवणार असतील तर, त्यांना माझं उत्तर आहे की घ्या. पाच वर्षांचा हप्ता फिटेपर्यंत महाबळेश्वरच्या गिऱ्हाइकाला पसरणी घाटातून घेऊन जाणारी बिनड्रायव्हरची गाडी येत नाही. डोकं लावायचं असेल तर ते सीएनजी घ्यायची की इलेक्ट्रिक, आणि पावसाळ्याचे चार महिने हप्ता कशातून निघणार, याला लावा.