तलफ आल्यावर गम चघळायचा का माइंडफुलनेस करायचं?

सिगारेट सोडणारे दोस्त मला हे विचारतात तेव्हा मी आधी एकच विचारतो, सकाळी उठल्यावर पहिली किती वेळात लागते? अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर तंबाखूतलं निकोटीन शरीरालाच पाहिजे असतं, तिथं नुसतं माइंडफुलनेस, म्हणजे श्वासाकडं, मनात-शरीरात जे चाललंय त्याकडं शांतपणे बघणं, एवढ्यावर भागणं अवघड, माझा तर तिसऱ्याच दिवशी धीर सुटला आणि परत टपरीवर.

अशांनी निकोटीन गम, म्हणजे थोडं थोडं निकोटीन देणारा च्युइंगम, घ्यावा. लवकर लागणाऱ्यांना ४ मिलिग्रॅमचा, बाकीच्यांना २ चा पुरतो, पण हार्टचा त्रास असेल किंवा दिवस गेले असतील तर डॉक्टरला विचारूनच. आणि तो कचाकचा चावायचा नसतो, जिभेला झिणझिण्या आल्या की गालात धरून ठेवायचा, चव गेली की परत दोन-चार वेळा चावायचा, असं साधारण अर्धा तास. त्याआधी १५ मिनिटं आणि तोंडात असेपर्यंत काही खायचं-प्यायचं नाही.

आता अडतं इथंच. आपल्याला सगळ्यात जोराची तलफ चहाबरोबर येते, आणि चहाबरोबर गम चालत नाही! आमच्याकडं अजून एक, आई बिड्या वळते, सोलापुरात घरोघरी हे काम, मांडीवर सूप घेऊन बसली की तंबाखूचा वास घरभर. वासानं, सवयीनं उठणाऱ्या तलफेला मला माइंडफुलनेसच कामाला आलं. तलफेशी भांडायचं नाही, फक्त बघायचं. तोंडाला पाणी सुटलंय, छाती आवळलीय, हात आपोआप खिशाकडं चाललाय. ती चढते, थोडा वेळ टिकते, उतरते, सगळं मिळून पाचेक मिनिटं. सोलापुरातल्या पार्क चौकात चहा पिताना पहिल्यांदा जमलं तेव्हा कप अजून अर्धा भरलेला होता.

पुराव्याचं म्हणाल तर २०११ मध्ये अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ जडसन ब्रुअर यांच्या ८८ जणांवरच्या अभ्यासात १७ आठवड्यांनी माइंडफुलनेसवाले ३१ टक्के सिगारेटपासून सुटलेले राहिले, सिगारेट सोडायच्या नेहमीच्या कोर्सवाले ६ टक्के. पण २०२२ च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे बरेच अभ्यास एकत्र तपासून काढलेल्या निष्कर्षात, बाकीच्या उपायांपेक्षा ते भारी असल्याचा ठोस पुरावा मिळाला नाही. गम, पॅच (कातडीवर चिकटवायची निकोटीनची पट्टी) यांनी मात्र सिगारेट सुटण्याची शक्यता ५० ते ६० टक्क्यांनी वाढते हे भरपूर अभ्यासांत दिसलंय. म्हणून ज्याला सकाळीच लागते त्यानं गम सोडून नुसत्या माइंडफुलनेसच्या भरवशावर राहू नये असं मला मनापासून वाटतं, आणि जो फक्त चहाला, दोस्तांबरोबर ओढतो त्यानं आधी माइंडफुलनेस करून बघावं, पैसेही लागत नाहीत. एकट्यानं जमत नसेल तर १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारी क्विटलाइन आहे, फोन फुकट लागतो.